मूत्राशयाच्या गाठीच्या शस्त्रक्रियेतील प्रतिबंधक प्रतिजैविके

मूत्राशयातील गाठ मूत्रमार्गातून दुर्बीण घालून काढताना (टीयूआरबीटी) संसर्ग टाळण्यासाठी आधीच दिली जाणारी प्रतिजैविके. या शस्त्रक्रियेत पोटावर छेद घेत नाहीत. विजेच्या प्रवाहाने तापलेल्या तारेच्या कडीने गाठ खरवडून काढतात आणि नंतर बहुधा काही काळ कॅथेटर (लघवीची नळी) ठेवतात. लघवीत जंतू असतील तर खरवडलेल्या जागेतून ते रक्तात शिरू शकतात. त्यात ई. कोलाय, क्लेबसिएला, एंटेरोकॉकस हे नेहमीचे.

म्हणून औषधाइतकेच महत्त्व शस्त्रक्रियेपूर्वीच्या लघवीच्या कल्चरला (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) आहे. एरवी त्रास नसताना लघवीत जंतू सापडले तर बहुतेकांना उपचार लागत नाहीत; या शस्त्रक्रियेआधी मात्र लागतात. औषध कल्चरच्या अहवालानुसार निवडावे.

कल्चर निर्जंतुक असल्यास काय करावे, यावर मतभेद आहेत. अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशन सर्वांना एक मात्रा सुचवते. युरोपीय युरोलॉजी संघटना जास्त जोखमीच्या रुग्णांपुरतीच, आणि तीही सौम्य शिफारस म्हणून. आधीपासून कॅथेटर असणे, वारंवार संसर्ग होणे, मोठी गाठ, क्षीण प्रतिकारशक्ती ही जोखमीची कारणे. उपलब्ध पुरावा पाहता युरोपीय भूमिका अधिक रास्त वाटते.

मात्रेची वेळ निर्णायक असते. जंतू ऊतींत शिरण्याआधी औषध तेथे पोहोचले तरच ते नीट काम करते, हे शल्यचिकित्सक जॉन बर्क यांनी 1961 मध्ये गिनीपिगवरील प्रयोगांतून दाखवले. सेफाझोलिनसारखे इंजेक्शन शस्त्रक्रियेच्या आधी 60 मिनिटांच्या आत देतात. फ्लुओरोक्विनोलोन गटातील औषधांसाठी ही मुदत 120 मिनिटांची असते. कॅथेटर आहे तोवर गोळ्या चालू ठेवण्याची सवय मोडायलाच हवी. त्यातून संरक्षण वाढत नाही. औषधांना न जुमानणारे जंतू मात्र पोसले जातात, आणि पुढे खरा संसर्ग झाला की हाताशी औषध उरत नाही.

गाठ कर्करोगाची निघाली तर अनेकांना काही आठवड्यांनी मूत्राशयात बीसीजी सोडतात. हे क्षयाच्या लशीतलेच जिवंत, दुबळे केलेले जंतू. फ्लुओरोक्विनोलोन औषधे त्यांनाही मारू शकतात, त्यामुळे बीसीजीच्या सुमारास ती विनाकारण देऊ नयेत. लघवीत संसर्ग असताना बीसीजी पुढे ढकलतात.

रुग्णाने औषधांची ॲलर्जी, नुकतीच घेतलेली प्रतिजैविके आणि जुने कल्चर अहवाल डॉक्टरांना आधीच सांगावेत. घरी गेल्यावर थंडी वाजून ताप आल्यास उरलेल्या गोळ्या स्वतःहून न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.