चित्रफितीतील झाकलेली अक्षरे



जुन्या पोथ्यांत आयुष्य घालविलेल्या माणसाने चित्रफितीविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु उच्चारलेला शब्द अक्षरांत कसा उतरतो आणि पुढे कसा टिकतो, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

१९८० साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर कर्णबधिरांसाठी 'बंद उपशीर्षके' नियमितपणे सुरू झाली. 'बंद' अशासाठी की ती चित्रावर उमटविलेली नसत. दृश्य चित्राच्या वरच्या कडेपलीकडील एकविसाव्या ओळीत ती संकेतरूपाने जात, एका चौकटीमागे दोन अक्षरे या गतीने. तो संकेत उलगडणारे उपकरण असेल तरच ती वाचता येत. येथे महानुभावांच्या सकळ लिपीची आठवण होते. तिच्यातला मजकूरही डोळ्यांसमोर असून किल्लीवाचून मुका होता. इतिहासाचार्य राजवाडे यांनी किल्ली शोधली, तेव्हा तो बोलू लागला.

हा संकेत संथ असल्याने घरगुती व्हीएचएस फितीवरही टिकला. युरोपातील टेलिटेक्स्टचा वेग फार मोठा. साध्या फितीवर तो बहुधा विस्कटून जाई. आज संगणक त्या ओळीतील उजळ-काळ्या चढउतारांवरून अक्षरे ओळखतो आणि प्रत्येक वाक्यापुढे वेळ नोंदवितो. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या 'न्यूजस्केप' संग्रहात अशा मजकुरावरून बातम्या शोधता येतात. अमेरिकेत असलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी एक ध्यानात ठेवावे : तिकडच्या फितीचे संगणकीय रूपांतर करताना वरच्या ओळी छाटल्या गेल्या, तर त्या प्रतीतून मजकूर पुन्हा मिळत नाही.

मराठीचे काय? एकविसाव्या ओळीची ती अक्षरमाला रोमन. तिच्यात देवनागरीला स्थान नव्हते. पुढे पुण्याच्या 'सी-डॅक'ने भारतीय भाषांतील उपशीर्षकांसाठी 'लिप्स' ही प्रणाली सिद्ध केली. २०१९ साली केंद्र शासनाने कर्णबधिरांसाठी दूरचित्रवाणीची सुगम्यता-मानकेही जाहीर केली. पण आपल्या घरांतील जुन्या फितींत बाहेर काढण्याजोगी अक्षरेच नाहीत. तेथे केवळ आवाज आहे.

नल्लकुंट्यातील माझ्या घरी १९९२ सालच्या एका समारंभाची फीत आहे. तीत माझे थोरले बंधू १९४८च्या दिवसांची हकीकत सांगतात. तेलुगू आणि दखनी शब्दांनी नटलेली ती आपली हैदराबादी मराठी. त्यांनी घेतलेली दोन गावांची नावे मला लागत नाहीत. ती ओळखू शकणाऱ्या वहिनी गेल्या वर्षी निवर्तल्या. फीत शाबूत आहे. ऐकणारा कान गेला.

म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा, त्या पाहिलेल्या माणसांना विचारून विचारून लिहिल्या. पुढे मूळ प्रत नाहीशी झाली, तेव्हा अनुयायांनी स्मरणातून ती पुन्हा उभी केली. त्यातूनच पाठभेद आले. आपल्याजवळ निदान मूळ आवाज आहे. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून फीत लावावी, ऐकू आले तसेच, वेळेसह लिहावे. भाषा सुधारू नये. न कळलेल्या जागी तसे नमूद करावे, आणि फीतही जपावी. कारण उतरविणाऱ्याची चूक पुढच्याला तिच्यावरूनच कळेल.

आपल्या म्हाइंभटांनी आता उशीर करू नये, एवढीच विनंती.