चांदीचा ‘पांडा’ : वार्षिक नाणेमालिका आणि संग्राहकाची भूमिका

प्रस्तावना :
नाणे हे इतिहासाचे विश्वसनीय साधन मानले जाते. परंतु जी नाणी चलनात फिरण्यासाठी नव्हे, तर केवळ गुंतवणूक व संग्रहासाठी पाडली जातात, त्यांना हा दर्जा देता येईल काय? प्रस्तुत लेखात चीनच्या चांदीच्या ‘पांडा’ मालिकेच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

मालिकेचे स्वरूप :
चीनने १९८२ मध्ये सोन्याची पांडा नाणी काढली. १९८३ मध्ये चांदीचे पहिले पांडा नाणे आले. ते २७ ग्रॅम वजनाचे व ९० टक्के शुद्धतेचे होते आणि त्याचे अवघे १०,००० नग पाडण्यात आले. गुंतवणुकीसाठीचे ९९.९ टक्के शुद्धतेचे, एक ट्रॉय औंस (३१.१ ग्रॅम) वजनाचे नाणे १९८९ पासून निघू लागले. त्याच्या एका बाजूस बीजिंगच्या टेंपल ऑफ हेवनमधील प्रार्थनागृह, तर दुसऱ्या बाजूस पांडा असतो. पांडाचे चित्र दरवर्षी बदलावे, हा या मालिकेचा विशेष होय. नाण्यावर १० युआन हे मूल्य असले, तरी त्याची किंमत चांदीचा भाव आणि त्या वर्षाच्या नाण्याची दुर्मिळता यांवर ठरते. २०१२ मध्ये ८० लाख नाण्यांची मर्यादा ठरली. त्यामुळे आरंभीच्या नाण्यांचे वेगळेपण अधिकच ठळक झाले.

संग्राहकांचा प्रभाव :
२००१ मध्ये चित्र यापुढे कायम ठेवण्याचे ठरले आणि २००२ च्या नाण्यावर तेच चित्र पुन्हा आले. संग्राहकांनी त्यास विरोध केला. परिणामी २००३ पासून चित्र पुन्हा दरवर्षी बदलू लागले. नाणे पाडण्याचा अधिकार शासनाचा असला, तरी त्याचे रूप ठरविण्यात घेणाऱ्याचाही वाटा असतो, हे यावरून स्पष्ट होते.

साधन म्हणून मूल्य :
बहुतांश पांडा नाण्यांवर टांकसाळीचे चिन्ह नसते. म्हणून १९९० च्या दशकातील काही वर्षांच्या नाण्यांवरील सालाचे लहान व मोठे आकडे पाहून संग्राहक त्यांचे प्रकार वेगळे करतात. प्राचीन नाण्यांचे साचे ओळखण्याची रीत याहून फारशी निराळी नाही. २०१५ च्या नाण्यावर वजन व शुद्धता यांचा उल्लेखच नव्हता. २०१६ मध्ये तो परत आला, तेव्हा वजन ३० ग्रॅम झाले होते. दर्शनी मूल्य तेच राहिले, चांदी मात्र सुमारे १.१ ग्रॅमने घटली. मध्ययुगीन राजवटींनी गुपचूप केलेल्या धातुघटीशी याची तुलना मात्र करता येणार नाही. कारण येथे बदललेले वजन नाण्यावरच नोंदविलेले आहे.

निष्कर्ष :
सुटे पांडा नाणे म्हणजे शिक्का मारलेली चांदी. तेच वर्षानुक्रमे लावले असता शासनाचे धोरण, बाजाराची मागणी आणि मापनपद्धतीतील बदल यांचा पुरावा ठरते. असा क्रम जपण्याचे काम अभिलेखागाराबाहेर राहून संग्राहक करीत असतो. आधुनिक नाण्यांच्या अभ्यासकाने त्याच्या नोंदींची दखल घेणे आवश्यक आहे.