टाक्याची लांबी

पुणतांब्याचा इतिहास सांगणारे चांगदेवाच्या समाधीपासून सुरुवात करतात, गोदावरीच्या घाटावर थोडा वेळ थांबतात आणि अलीकडे १ जून २०१७ च्या शेतकरी संपाशी येऊन पोचतात. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग झाला, हेही कोणी कोणी जोडतात. या इतिहासात योगी आहे, अहिल्याबाई आहेत, आगगाडी आहे, बागायतदार आहे. ज्याने शिवलेल्या मोटेतून विहिरीचे पाणी या काळ्या रानावर चढले, तो माणूस मात्र त्यात कुठेच नाही. आमच्या इतिहासकारांना पाणी दिसते, पीक दिसते. मोट दिसली तरी तिची शिवण दिसत नाही. हा लेख त्या शिवणीबद्दल आहे.

मोट हे एकट्या जातीचे काम नव्हते. मेलेले जनावर महाराने ओढून न्यायचे, कातडे ढोराने तरवडाच्या आणि बाभळीच्या सालीत कमवायचे, चांभाराने ते बेतून शिवायचे, नाडा आणि सोंदूर मांगाने वळायचा. एका मोटेवर चार जाती राबत आणि चौघेही एकमेकांच्या पंगतीला बसत नसत. श्रमाची विभागणी वेगळी आणि श्रमिकांची विभागणी वेगळी, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या, प्रत्यक्षात कधीच न झालेल्या, 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात मांडले. मला स्वतःला ते पुस्तक वाचण्याआधी मोटेवरून कळायला हवे होते, इतके ते उघड आहे. आमच्या घरातली जुनी माणसे कातडे शिवत. पण ढोराच्या घरी पाणी पीत नसत. आपल्या चळवळीने हे बोलायला संकोच करू नये. वरच्या जातींनी आम्हाला खाली ढकलले हे खरे, आणि खाली उभे राहून आम्ही आपसात पुन्हा पायऱ्या पाडल्या हेही खरेच.

आता टाक्याविषयी. कातड्याला कापडासारखी वीण नसते. कापडात सुई शिरते तेव्हा धागे बाजूला सरतात. कातड्यात पडलेले भोक कायमचे राहते. टाके फार जवळ घातले तर पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी भोकांची रांग तयार होते आणि ओढ बसली की कातडे नेमके तिथेच फाटते. फार लांब घातले तर शिवण उसवून तोंड उघडते, मोट असेल तर गळते. हाताने शिवणारा हे अंतर बोटाने आणि डोळ्याने धरतो. आरीने भोक पाडायचे, एकाच मेणवलेल्या दोऱ्याची दोन टोके त्याच भोकातून समोरासमोर घालायची आणि दोन्ही हातांनी आवळायची. या शिवणीतला एक टाका तुटला तरी शेजारचा धरून राहतो. यंत्राच्या शिवणीत वरचा दोरा आणि खालचा दोरा कातड्याच्या मध्ये एकमेकांत अडकतात. तिथे एक तुटला की शेजारचे सैल पडू लागतात. म्हणजे यंत्राने वेग दिला, पण टिकाऊपणाचा काही भाग काढून घेतला. हे ज्ञान कोणत्याही शाळेत शिकवले गेले नाही, आणि ज्यांच्याकडे ते होते त्यांना शाळेत बसू दिले गेले नाही.

शिवणयंत्राचा छापील इतिहास एलियास हौ याच्या १८४६ च्या आणि आयझॅक सिंगर याच्या १८५१ च्या पेटंटपासून सुरू होतो. गांधीजींनी १९२४ साली यंत्रांवरच्या आपल्या आक्षेपातून सिंगरच्या यंत्राला सूट दिली. बायकोचे कष्ट पाहून सिंगरने ते प्रेमापोटी शोधले, अशी त्यांची समजूत होती. समजूत गोड आहे. प्रत्यक्षात सिंगर हा नाटकांत कामे करणारा, पैशाच्या शोधात असलेला माणूस होता, आणि पेटंटच्या हक्कावरून त्याचे हौशी कोर्टात भांडण झाले. त्याच्या कंपनीने १८५० च्या दशकातच हप्त्याने यंत्र विकायची रीत रूढ केली. पण हप्त्याला पत लागते आणि पतीला घर, जमीन किंवा जामीन लागतो. गावकुसाबाहेर यातले काय होते? म्हणून आमच्याकडे यंत्र आले ते उशिरा, आणि आले तेही दुसऱ्याने वापरून टाकलेले.

पुणतांब्यात मी ज्या शेडमध्ये बसून हे टिपण केले, तिथले यंत्र असेच मुंबईहून जुन्या बाजारातून आलेले आहे. ते चालत्या पायाचे आहे. साध्या यंत्रात फक्त खालचे दाते माल पुढे ढकलतात. जाड कातडे असले की खालचा थर पुढे जातो आणि वरचा मागे रेंगाळतो. या यंत्रात दोन पाय असतात, एक माल दाबून धरतो तेव्हा दुसरा पाऊल उचलतो, आणि सुई मालात रुतलेली असतानाच दात्यांबरोबर पुढे सरकते. वरचा आणि खालचा थर बरोबरीने चालतो. (थरांना बरोबरीने चालवणारे यंत्र आपल्या देशात फक्त कातड्यासाठी निघाले, असे तिथला एक कारागीर हसत म्हणाला.)

या जुन्या घडणीच्या यंत्रात टाका बदलायला दांडी नसते. यंत्र पूर्ण थांबवायचे. पाटावरचे बटण बोटाने दाबून धरायचे आणि चाक हाताने हळूहळू फिरवायचे. आतल्या खाचेत बटण पडले की ते आणखी खाली जाते, बोटाला कळते. ते तसेच दाबून धरून चाक पुढे-मागे करायचे, हवी ती खूण आली की सोडायचे. खुणेचा आकडा म्हणजे इंचात किती टाके. म्हणून आकडा वाढला की टाका लहान होतो. नव्या मुलाचा गोंधळ इथेच होतो. यंत्र चालू असताना बटणाला हात लावला तर आतले भाग मोडतात. जुन्या यंत्रात बटण सुकलेल्या तेलाने अडकते, खाच झिजलेली असते, आकडे पुसलेले असतात. तेव्हा आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. जो माल शिवायचा त्याच्याच तुकड्यावर, तेवढ्याच थरांवर, एक ओळ मारायची आणि पट्टी लावून इंचातले टाके मोजायचे. जाड मालावर टाका आकड्यापेक्षा आखूडच पडतो. पट्ट्याला, पखालीसारख्या जड कामाला इंचात पाच-सहा टाके पुरतात, चपलेच्या वरच्या नाजूक भागाला आठ-दहा लागतात.

हे सगळे कारागिराला ठाऊक आहे. पण टाका किती ठेवायचा हे तो ठरवत नाही. मजुरी नगावर आहे. टाका लहान केला तर यंत्र त्याच लांबीला जास्त वेळ चालते, दोरा जास्त जातो, दिवसाचे नग कमी होतात. टाका लांब केला तर नग वाढतात आणि पिशवीचा बंद सहा महिन्यांत उसवतो; शिव्या शिवणाऱ्याला बसतात. बलुत्याच्या काळात मोट गळली तर सुगीला खळ्यावरचे धान्य कापले जाई. त्रिं. ना. आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाडा'त बलुतेदाराकडे कुणब्याच्या बांधावरून पाहिले आहे. बलुतेदाराच्या बाजूने तो हिशेब लिहायचा अजून राहिलाच आहे. आज खळे गेले, ठेकेदार आला. टाक्याची लांबी तेव्हाही आणि आताही दुसऱ्याच्या वहीत ठरते.

मोट इंजिनाने आणि विजेच्या पंपाने संपवली. १९७४ साली राज्याने चर्मोद्योग विकास महामंडळ काढले. २०१५ च्या कायद्याने बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली आणि कातडे मिळणे आणखी अवघड झाले. आता या यंत्राखाली बहुतेक रेक्झिन आणि कॅनव्हास जाते. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२५ मध्ये इटलीच्या एका बड्या कंपनीने तसलीच चपल मिलानच्या मंचावर मिरवली, तेव्हा वर्तमानपत्रांत कलेच्या चोरीची चर्चा झाली. जातीची चर्चा फारशी झाली नाही. 'कारागीर' हा शब्द स्वच्छ आहे. त्याला कुंडातल्या कातड्याचा वास येत नाही.

याच लोहमार्गावर, कोपरगावच्या पलीकडे, येवले आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी तिथे हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. त्याआधी १९२७ साली महाडला मेलेली जनावरे ओढण्याचे काम सोडा असे त्यांनी सांगितले होते. महारांनी ते मनावर घेतले. आमच्यातल्या पुष्कळांनी तेव्हा मान फिरवली, कारण आमचा धंदा वरचा आहे असे आम्हाला वाटत होते, आणि कातडे येणे थांबले तर तो बुडेल अशी भीतीही होती. ही भीती खोटी नव्हती. पण घाणीचे काम सोडणे आणि हातातले कसब सोडणे या दोन गोष्टी आहेत, आणि त्यांच्यातला भेद आम्ही नीट मांडला नाही. जी मुले शिकली त्यांनी आरीबरोबर तिचे ज्ञानही माळ्यावर टाकले, मीही त्यांच्यातलाच. जी शिकली नाहीत ती ठेकेदाराच्या नगावर बसली.

त्या शेडमधली एक मुलगी बारावी होऊन यंत्रावर बसते. तिने पुसलेल्या आकड्यांच्या जागी चाकावर नखाच्या लाल रंगाने स्वतःच्या खुणा केल्या आहेत: एक पट्ट्यासाठी, एक पिशवीसाठी आणि एक, ती म्हणते, घरच्यांच्या चपलांसाठी. ही तिसरी खूण सगळ्यात बारीक टाक्याची आहे.