रोमन लष्करी मार्गाच्या पाऊलखुणा

बेलग्रेडहून सोफियामार्गे इस्तंबूलकडे जाणारा आजचा महामार्ग ज्या खोऱ्यांतून धावतो, त्याच खोऱ्यांतून सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन पलटणी कूच करीत असत. 'व्हिया मिलिटारिस' म्हणजेच लष्करी मार्ग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रस्त्याचे अवशेष सर्बिया आणि बल्गेरियात आजही आढळतात. जुनी आणि नवी वाट बहुतांशी एकच असल्याने नव्या बांधकामांच्या वेळी हे अवशेष उजेडात येतात आणि त्याच कामांमुळे धोक्यातही सापडतात.

सरहद्द आणि राजधानी

डॅन्यूबकाठच्या सिंगिडुनमपासून, म्हणजे आजच्या बेलग्रेडपासून हा मार्ग सुरू होई. पुढे मोराव्हा नदीच्या खोऱ्यातून नैसस (निश), तेथून सर्डिका (सोफिया), फिलिपोपोलिस (प्लॉवडिव्ह) आणि हेड्रियानोपोलिस (एदिर्ने) अशी नगरे ओलांडीत तो बायझँटियमला पोहोचे. एकूण लांबी ९०० किलोमीटरहून अधिक. इ.स. ३३० मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने बायझँटियम येथे नवी राजधानी स्थापन केल्यावर मार्गाचे महत्त्व आणखी वाढले. कॉन्स्टंटाइनचा जन्मही याच मार्गावरील नैससचा होय.

शिलालेखांची साक्ष

थ्रेस प्रांत इ.स. ४६ मध्ये रोमच्या ताब्यात आला. त्यानंतर अवघ्या १५ वर्षांनी, इ.स. ६१ मध्ये, सम्राट नीरोच्या आज्ञेने प्रांताधिकारी तायबेरियस ज्यूलियस उस्तुस याने लष्करी मार्गांवर पांथशाळा आणि अधिकाऱ्यांसाठी विश्रामगृहे बांधविली. बल्गेरियात सापडलेल्या शिलालेखात तसा स्पष्ट उल्लेख आहे. इ.स. ३३३ मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथून जेरुसलेमला निघालेल्या एका यात्रेकरूने या मार्गावरील मुक्कामाची ठाणी आणि घोडे बदलण्याची ठिकाणे अंतरांसह नोंदवून ठेवली आहेत. मुक्कामाच्या ठाण्यांची व्यवस्था वाचताना आपल्याकडील डाकबंगल्यांची आठवण व्हावी.

वाट तीच, सैन्ये निराळी

रोमन सत्ता लोपली तरी वाट ओस पडली नाही. १०९६ मध्ये पहिल्या धर्मयुद्धातील गॉडफ्रेचे आणि ११८९ मध्ये सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाचे सैन्य येथूनच पूर्वेकडे गेले. १५२९ आणि १६८३ मध्ये व्हिएन्नावर चालून जाणाऱ्या ऑटोमन फौजांनी उलट दिशेने हीच वाट धरली. डोंगररांगांच्या मधून जाणारी नद्यांची खोरी हाच येथील सोयीचा रस्ता असल्याने हे अपरिहार्यच होते.

आज काय दिसते?

सर्बियात दिमित्रोव्हग्राडजवळ महामार्गाचे काम सुरू असताना २०१०च्या दशकात या मार्गाचा सुमारे आठ मीटर रुंदीचा दगडी भाग उघडा पडला. बल्गेरियात इख्तिमाननजीकच्या 'ट्रेजनचे द्वार' या खिंडीत मार्गाच्या रक्षणासाठी उभारलेल्या किल्ल्याचे अवशेष आहेत. सोफियात २०१० ते २०१२ या काळात मेट्रोच्या कामाबरोबर झालेल्या उत्खननात सर्डिका नगरीतील फरसबंदी रस्ते आणि घरांचे पाये सापडले. शहराच्या मध्यवर्ती चौकाखाली ते जतन करण्यात आले असून मेट्रोचे प्रवासी येताजाता ते पाहू शकतात.

शहरात हे जतन शक्य झाले. शहरांबाहेर मात्र शेकडो किलोमीटरचा मार्ग शेतांखाली आणि रस्त्यांखाली आहे. तेथे भराव पडण्यापूर्वी उत्खनन आणि नोंदणीला पुरेसा अवधी मिळाला नाही, तर या मार्गाचा इतिहास नव्या रस्त्याखाली कायमचा गाडला जाण्याची भीती आहे.