विवर्त आणि विवर्तन

वांद्र्याचे सेंट अँड्र्यूज चर्च १५७५ मध्ये जेझुइट पाद्र्यांनी उभारले. पुढल्या शतकात याच संघाच्या ग्रिमाल्डीने बोलोन्यात अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून ऊन घेतले आणि त्यात काठी धरली. सावली भूमितीच्या हिशेबापेक्षा रुंद पडली, कडेला रंगीत पट्टेही उमटले. ‘डिफ्रॅक्शन’ हे नाव त्याचेच. ग्रंथ मात्र त्याच्या मृत्यूनंतर, १६६५ मध्ये निघाला.

मराठीत आपण ‘विवर्तन’ म्हणतो. वेदान्तातला विवर्त म्हणजे दोरीवर भासणारा साप. शब्द देखणा खरा, पण चकवणारा. कारण भिंतीवरचा पट्टा भास नव्हे, तो फुटपट्टीने मोजता येतो. ०.१ मिलिमीटरची फट, तांबडा लेसर, २ मीटरवर भिंत : मधला पट्टा सुमारे २.६ सेंटिमीटर. फट निम्मी करा, पट्टा दुप्पट!

फट आवळण्यापूर्वी शिक्षकाने थांबून विचारावे, पट्टा आता अरुंद होईल की रुंद? ‘अरुंद’ म्हणणारेच अधिक निघतील, आणि प्रयोगाची खरी गंमत त्या चुकीतच आहे. आपल्या वर्गांत बहुधा सूत्र आधी फळ्यावर येते, लेसर नंतर.