दौंडचा फलाट, शिरूरचा स्टँड आणि आकाशगंगेचे नायक

भीमा नदीच्या दोन अंगांना वसलेल्या शिरूर आणि दौंड या तालुक्यांत छापील करमणूक दोन निरनिराळ्या वाटांनी आली, आणि अंतराळात संचार करणाऱ्या महानायकांच्या चित्रकथा, म्हणजेच कॉमिक्स, ग्रामीण वाचकापर्यंत कशा गेल्या हे समजून घ्यायचे तर आधी या वाटा पाहाव्या लागतात. पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे दौंड १८७८ साली मनमाडचा फाटा सुरू झाल्यावर जंक्शन झाले. पुण्याहून मनमाडकडे निघालेल्या गाडीची दिशा येथे उलटत असल्याने इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडावे लागे, आणि तेवढ्या वेळात प्रवाशांना फलाटावर उतरून चहा घ्यायला नि मासिके चाळायला सवड मिळे. जुन्या पिढीच्या तोंडी घोडनदी असलेल्या शिरूरला मात्र रेल्वे आली नाही. त्याची भिस्त पुणे-नगर रस्त्यावर राहिली, आणि १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी धावली ती याच रस्त्याने.

या वाटांनी पुढे चित्रकथाही आल्या. मार्च १९६४ मध्ये बेनेट, कोलमन आणि कंपनी या ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या प्रकाशनसंस्थेने मुंबईहून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले आणि ते मराठीतही निघू लागले. पहिले ३२ अंक ली फॉकने निर्मिलेल्या वेताळ या नायकाचे होते. पुढे जादूगार मॅन्ड्रेक आणि फ्लॅश गॉर्डन यांची त्यांत भर पडली. ७ जानेवारी १९३४ रोजी अमेरिकी वृत्तपत्रांत अलेक्स रेमंडच्या कुंचल्यातून अवतरलेला फ्लॅश हा मुळात पोलो खेळणारा तरुण. डॉक्टर झारकॉव्हच्या अग्निबाणातून तो मोंगो नावाच्या ग्रहावर पोहोचतो आणि मिंग या जुलमी सम्राटाशी झुंजतो. त्याच्या अंगी कोणतीही अलौकिक शक्ती नाही. मॅन्ड्रेकच्या कथांतही मॅग्नॉन हा असंख्य ग्रहांवर राज्य करणारा दीर्घिकेचा, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहाचा, सम्राट येतो आणि जादूगाराशी मैत्री जोडतो.

या कथांची मोहिनी नायकाच्या बळात आहे असे सहसा मानले जाते. पण ती खरोखर त्यांच्या विस्तारात आहे. एका चौकटीत माणूस, दुसरीत त्याचे यान, तिसरीत ते यान ठिपक्याएवढे दाखवणारा ग्रह, अशी चढती मापे पाने उलटताना डोळ्यांसमोर येतात, आणि तीन पावलांत त्रिभुवन व्यापणाऱ्या वामनाची कथा कीर्तनात ऐकलेल्या मुलाला ही मापे परकी वाटण्याचे कारण नव्हते. तरीही १९७६ साली आबिद सुरती यांनी ‘इंद्रजाल’साठी भारतीय नायक घडवला तेव्हा तो बहादूर दरोडेखोरांशी लढणारा, जमिनीवरचाच निघाला. अंतराळ परक्या नायकांकडेच राहिले, ही या परंपरेतील मोठी उणीव म्हणावी लागेल.

मराठीने अंतराळ गाठले ते चित्रांऐवजी गद्यातून. ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे भाषांतर ‘केरळ कोकिळ’ मासिकात १९०० पासून ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने येऊ लागले होते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. प्रकाशालाही बाहेर पडता येत नाही इतके प्रबळ गुरुत्वाकर्षण असलेली वस्तू म्हणजे कृष्णविवर, आणि तिच्याजवळ काळ मंद गतीने सरतो हा भौतिकशास्त्राचा निष्कर्ष त्या कथेच्या मुळाशी आहे. महानायक जे बळाने साधतो ते येथे निसर्गनियम साधतो. विस्मय मात्र तितकाच उत्कट राहतो, आणि नारळीकरांचे मोठेपण यात आहे.

‘इंद्रजाल’ १९९० साली बंद पडले. त्याच दशकात शिरूरच्या वायव्येस, जुन्नर तालुक्यातील खोडद परिसरात, गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ही दुर्बीण दूरच्या दीर्घिकांतील हायड्रोजन वायूचे क्षीण रेडिओ संदेश टिपते, आणि २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त तेथे भरणाऱ्या प्रदर्शनाला आसपासच्या गावांतील शाळकरी मुले आपापले प्रयोग घेऊन येतात.