खाडीपलीकडचा गोळीबार

परवा नातवाने विचारलं, "आजी, विमानतळाला दि. बां.चं नाव द्या म्हणतात, ते दि. बा. कोण गं?" सांगता सांगता मी थेट १९८४ मध्ये जाऊन पोचले...

सिडको १९७० साली आली. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं, त्यात आमचं दिवाळेही आलं. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या मागे शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात पोलिसांनी गोळीबार केला. पाच आंदोलक गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली, ती या लढ्यामुळेच. हे सगळे सांगतात. मला सांगायचंय ते वर्गातलं.

तेव्हा मी नववीला इतिहास शिकवायची. वर्गातला एक मुलगा मामाबरोबर तिकडे गेला होता. आठवड्याने शाळेत आला. आधी सगळ्यांना हसवणारा पोरगा, आता गप्प. खाकी कपड्यातला शिपाई नोटीस घेऊन आला तरी दचकायचा. आणि एकदा मधल्या सुट्टीत त्याने पाचवीतल्या मुलाला दगड मारला. मी छडी उचलली. त्याने हात मागे घेतला नाही, रडलाही नाही.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना ॲना फ्रॉईड यांनी लहान मुलं सांभाळली. मायेचं माणूस जवळ असलं की पोरं बॉम्बसुद्धा सोसतात, असं त्यांना दिसलं. हे मी फार उशिरा वाचलं. माझा विद्यार्थी मोठा होता, पण त्यालाही माणूसच हवं होतं. मी छडी दिली.

महिन्याभराने वर्गात चिरनेरचा १९३० चा जंगल सत्याग्रह सांगत होते. तिथेही गोळीबार झाला होता, उरण तालुक्यातच. तो आपणहून उभा राहिला. "बाई, गोली लागली का मानूस वरडत नाय, खाली बसतं." मग तास संपेपर्यंत तोच बोलला. कुणी हसलं नाही. मारामाऱ्या एकदम थांबल्या नाहीत, पण हळूहळू कमी झाल्या.

आज तो आजोबा झालाय. जेट्टीवर भेटला की "बाई, बरं हाय ना?" विचारतो. छडीचा विषय आम्ही दोघांनी कधी काढला नाही.

असो. आज इथे लिहिलंय. उद्या त्याच्यासमोरही बोलेन म्हणते.